बाबांचा एकच शब्द

बाबांची पिकअप आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पावसाळाभर उभी होती, आणि बरोबर तिच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, बाबा पडून होते. दोघं एकदमच बंद पडले, असं मी ऑफिसात सांगायचे. लोक हसावं की नाही या विचारात पडत आणि पुढचे प्रश्न टळत.

पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांना किती कळतं, असं विचारलं की डॉक्टर चष्मा पुसत म्हणत, "सांगता येत नाही." एवढं शिकून एवढंच म्हणायचं होतं, तर ते मीही म्हणू शकले असते. मला तेवढी एकच गोष्ट हवी होती. बाबा आत आहेत की नाहीत? ते उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडलेले असत. हाक मारली तरी नजर हलत नसे.

आयुष्यभर त्यांनी लोकांची बिऱ्हाडं हलवली. शनिवार पेठेतून वारज्याला, वारज्यातून कात्रजला. आयटीतल्या पोरांच्या गाद्या, कॉम्प्युटर आणि हमखास एक कुंडी, वाळलेल्या रोपासकट. आमच्या आवाजापेक्षा त्यांच्या कानाला त्या इंजिनाचीच सवय जास्त. म्हणून माझ्या मनाने घेतलं की गाडी सुरू करायची. तो आवाज ऐकून काहीच हललं नाही, तर मग मी आशा सोडणार होते.

आईचा विरोध होता. "विकून टाक ती," म्हणायची. कचरा टाकायला खाली गेली की ती गाडीला वळसा घालून जाई. काचांवर इतकी धूळ साचली होती की आत कोणी बसलं असतं तरी दिसलं नसतं, आणि आईला नेमकी तीच भीती.

रविवारी दुपारी बाबांचा नेहमीचा मेकॅनिक आला. त्याने बॅटरी बदलली आणि चावी फिरवली. गाडी खोकली, पांढरा धूर ओकली आणि सुरू झाली एकदाची. जमिनीतून थरथर वर आली. बाबांच्या उशाशी ठेवलेल्या पेल्यातला चमचा किणकिणू लागला, डिझेलचा वास खोलीत भरला. आणि बाबांचं तोंड उघडलं.

"हवा."

इतक्या महिन्यांतला पहिला शब्द! मी रडायलाच लागले. आईने धावत जाऊन पंखा मोठा केला, खिडक्या सताड उघडल्या. तेवढ्यात खाली गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली.

पुढच्या काही रविवारी मेकॅनिकने एकेक संशय बाजूला सारला. टाकीतल्या डिझेलला पाणी सुटलं होतं, ते काढून नवं भरलं. डिझेलचा फिल्टर बदलला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कोणाच्या तरी गादीच्या कापसाचं घर केलं होतं, तेही साफ केलं. प्रत्येक वेळी गाडी सुरू होई, छान चाले, आणि मग मरे. आणि प्रत्येक वेळी, ती मरण्याच्या जरा आधी, वरून बाबा म्हणत, "हवा."

पंखा चालू असला तरी म्हणत. खिडक्या उघड्या असल्या तरी म्हणत. गाडी बंद असताना मात्र त्यांच्या तोंडून अवाक्षर निघत नसे.

"हे म्हणतात आणि ती बंद पडते," आई एकदा हळूच म्हणाली. "ह्यांचा जीव अडकलाय तिच्यात."

समोरच्या काकूंना तर हे हवंच होतं. "बाहेरची हवा लागली असेल हो. नारळ ओवाळून टाका."

"काकू, पुण्यात बाहेरची हवा सगळ्यांनाच लागते," मी म्हटलं. "मास्क लावत जा."

तोंडाने असं बोलले खरी, पण मी घाबरले होते. पुढच्या रविवारी मी दार लोटून एकटीच बाबांजवळ बसले. खाली गाडी चालू होती, एकसारखी, निवांत. मी कान देऊन ऐकत होते, आवाजात तसूभरही फरक नव्हता. बाबांची नजर छताला. मग त्यांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर आवळली.

"हवा."

काहीच झालं नाही. गाडी चालूच होती. मी सुटकेचा निःश्वास सोडते आहे तोच तिने उचकी दिली, पुन्हा दिली, आणि गप्प झाली. या पलंगावरून हा माणूस खालचं इंजिन मारतो आहे, असं मला वाटलं, आणि ज्याच्या मांडीवर बसून मी गाडी चालवायला शिकले त्याच्या बिछान्यापासून मी मागे सरकले. गाडी विकायची, हे मी तेव्हाच ठरवलं.

खाली मेकॅनिकही कंटाळला होता. "पंप गेला हाय, ताई. खोलावा लागंल," तो ओरडला. "एकडाव चालू करून बघतो, मग काढतो."

गाडी सुरू झाली. आई दार उघडून आत आली, बाबांच्या तोंडून तो शब्द निघाला, आणि ती तशीच गॅलरीकडे धावली. "बंद कर रे ती! हे परत हवा म्हणतायत!"

गाडीखालून चिडका आवाज आला, "हवा मगाशीच काढली की, काकू! सांगा त्यांना!"

आणि गाडी बंद पडली.

सांगा त्यांना. बाबांना काही सांगायचं असतं, हे आमच्या घरात कोणाला आठवतच नव्हतं. फिल्टर बदलताना डिझेलच्या पाइपात हवा शिरते, ती हाताने पंप मारून काढावी लागते, नाहीतर इंजिनाला डिझेल पुरत नाही. एवढं मलाही माहीत होतं. मेकॅनिकने बाबांना उत्तर दिलं होतं, नेहमीसारखं.

मी वाकून म्हटलं, "बाबा, हवा काढलीय म्हणतोय तो."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. सिग्नल सुटायच्या आधी मागून हॉर्न मारणाऱ्यावर पडायची तीच. "हवा!" ते खेकसले, आणि त्यांची नजर छतावरून निघाली ती माझ्यावर येऊन थांबली.

"पुन्हा घेतेय? कुठून तरी आत शिरतेय?"

त्यांनी डोळे मिटले आणि सावकाश उघडले.

मी गॅलरीतून ओरडून सांगितलं. मेकॅनिकने फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि चावी फिरवली. नळीतून बुडबुडे धावत होते. टाकीवरचा रबरी पाइप उभ्या उभ्या वाळून बारीक चिरला होता. त्यातून डिझेल बाहेर ठिबकत नव्हतं, फक्त हवा आत ओढली जात होती. जमिनीवर थेंब नाही, म्हणून तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

नवा पाइप बसला. गाडी सुरू झाली आणि चालत राहिली. बाबा काही बोलले नाहीत. मी आनंदाने आईला मिठी मारायला वळले, तर ती चौकटीला धरून उभी, चेहरा पांढराफटक.

मग माझ्याही लक्षात आलं. बाबा आत होते, आणि सगळा वेळ आतच होते. याच खोलीत, याच पलंगाच्या कडेला बसून आई मावशीला फोनवर म्हणाली होती, ह्यांना काही कळत नाही गं, देवाने आता सोडवावं. एकदा नाही, कितीदा तरी. घास भरवताना, अंग पुसताना ती त्यांच्याविषयी बोलायची, त्यांच्याशी नाही. मीही नाही. आणि ते छताकडे बघत सगळं ऐकत होते.

आई पलंगापाशी गेली. पदर सारखा केला आणि त्यांच्या डाव्या हाताशी बसली.

"अहो," ती म्हणाली, आणि थांबली. खालून इंजिनाचा आवाज येतच होता, चमचा पेल्यात वाजत होता.

मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "गाडी बंद करायला सांग त्याला. ह्यांना माझं नीट ऐकू येऊ दे."