वत्सलाबाईंच्या हृदयाचा पंप

आमच्या चिखलीच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणूस खोकला घेऊन येतो आणि जाताना किस्सा ठेवून जातो. वत्सलाबाईंनी मात्र एकटीनेच माझं कपाट भरून टाकलंय.

बाई शाळेच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका. हृदय इतकं थकलं, की वेणी घालतानाही धाप लागायची. शेवटी पुण्याला त्यांच्या हृदयाला पंप बसवला. पोटातून बाहेर आलेली वायर, खांद्याच्या बॅगेत बॅटऱ्या.

पंप बसवताना हृदयाच्या टोकाचा तुकडा काढावा लागतो. तो तपासला, तर स्नायूंत जागोजागी व्रण. सर्जन म्हणाले, पंप भार उचलेल, हृदयाला आराम मिळेल. पण व्रण काहींचे कमी होतात, काहींचे तसेच राहतात, काहींचे वाढतातही. तुमचं आत्ताच सांगता येत नाही.

बाई म्हणाल्या, "निकाल राखून ठेवलाय म्हणा की."

*

हा पंप रक्त एकसारखं ढकलत राहतो, त्यामुळे बाईंची नाडीच लागायची नाही. रोहिणखेडच्या एका लग्नात त्यांना उन्हाने भोवळ आली. पाहुण्यांत एक नवा डॉक्टर होता. त्याने मनगट धरलं, मग गळा चाचपला, आणि स्वतःच पांढरा पडला.

बाईंनी डोळे उघडले. "घाबरू नको, बाळा. मला नाडी नसते."

पाणी त्यालाच पाजावं लागलं.

*

बाईंचे यजमान गौतमराव एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. एकदा खामगावला जाताना बसमध्येच बॅटरीचा अलार्म वाजला. गौतमरावांनी जुन्या सवयीने बेल दिली. बस थांबली. त्यांनी शांतपणे बॅटरी बदलली, डबल बेल दिली, आणि बस निघालीसुद्धा.

मागून खरा कंडक्टर म्हणाला, "मंग मी कोन हाव?"

*

पुढे पुण्याचे डॉक्टर दर तपासणीला पंपाचा वेग कमी करून हृदय एकटं किती पेलतं ते बघायचे. ते चांगलंच पेलू लागलं, म्हणून पंप काढला. तेव्हा पुन्हा बारीकसा तुकडा तपासला. पेशी सुधारलेल्या, व्रण मात्र जवळपास तेवढेच.

गौतमराव माझ्यासमोर पडेल चेहऱ्याने बसले. "डाग त तसेच हायेत. मंग पंप काऊन काढला?"

मी समजावलं, की व्रणांच्या मधला स्नायू आता पुरेसं काम करतोय. त्यांना ते पटेना.

बाई म्हणाल्या, "अहो, काठावर पास म्हणजेही पासच."

*

वायर होती तोवर बाईंना पाण्यात उतरायची बंदी होती. जखम पूर्ण भरली आणि पुण्याहून पोहायची परवानगी मिळाली. त्याच आठवड्यात गौतमरावांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, लवकर या. बाई माहेरच्या विहिरीत उतरून राह्यली."

मी पोचलो, तर बाई पाण्यावर निवांत उताण्या तरंगत होत्या. गौतमराव शेवटच्या पायरीवर, गुडघ्यापर्यंत पाण्यात, काठावरून सोडलेला दोर दोन्ही हातांनी आवळून, डोळे मिटून उभे.

"यांना पोहता येत नाही," बाईंनी मला सांगितलं. मग त्या जवळ आल्या आणि त्यांच्यापुढे हात केला.

"सोडा तो दोर. मी आहे ना."

गौतमरावांनी सोडला.