चाचांची उसवण

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत चाचा त्याची कंबर सांगत. "या, चौतीस." गळ्यातली टेप नुसती शोभेची. कोणी फारच शंका घेतली तर ते ती लावून दाखवत, आणि चौतीसच भरली की पुन्हा मशीनवर बसत. पिंपळगाव राजात त्यांच्या टेलरिंगच्या दुकानामागची खोली मी भाड्याने घेतली तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदाच वरपासून खालपर्यंत पाहिलं. भाडं सांगायच्या आधी म्हणाले, "छत्तीस. पन हे टिकनार नाही."

मी एका बियाण्याच्या कंपनीचा माणूस. बायको आणि मुलगी अकोल्याला, मी इकडे मोटारसायकलवर. बीटी कपाशी नवीन आली होती आणि ती मीच विकत असल्यामुळे गावात माझं नाव पडलं 'बीटीसाहेब'. पहिली दोन वर्षं कापूस असा आला की लोकांनी शेला-नारळ देऊन माझा सत्कार केला. बोंडअळी मीच पकडून पकडून मारली असावी, अशा थाटात मी तो स्वीकारला. पुढे मावा आला, तुडतुडे आले, एका वर्षी लाल्या रोगाने हिरवी शेतं लाल केली. तेच लोक आता दुकानाच्या पायरीवर बसून राहत. शिव्या देत नसत. नुसतं विचारत, "साहेब, तुमी तं म्हनले होते." त्या एका वाक्याने माझी झोप गेली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवसांच्या. ती पंधरा दिवसांची चिठ्ठी मी तीन वर्षं वापरली. इतका काटकसरी माणूस आमच्या घराण्यात दुसरा झाला नाही. एकाच मेडिकलमधून सारख्या घेतल्या तर संशय येतो, म्हणून मी शेतांच्या भेटी मेडिकलांच्या हिशेबाने आखू लागलो. वडनेर भोलजीच्या लोकांना वाटे, साहेबांचा आपल्या कपाशीवर फार जीव. डोणगाव तर माझ्या हद्दीतही नव्हतं, पण तिथल्या पिकाची काळजी मला स्वस्थ बसू देत नसे. आणि प्रत्येक सभेत मी घसा फोडून सांगे, "औषधाचा डोस वाढवत नेऊ नका. किडीला सवय होते, मग काहीच लागू पडत नाही." टाळ्या पडत. खोलीवर येऊन मी एकाऐवजी दोन गोळ्या घेई.

चाचांच्या नजरेतून हे सुटणार कसं? एके दिवशी पँट आत घ्यायला गेलो तर मशीन थांबवून म्हणाले, "तीसवर आले साहेब. काय होऊन राह्यलं?"

"कामाची दगदग."

"दगदगीनं पँट ढिली होते. डोये असे नाही होत."

मी विषय बदलला, पण वाक्य लागलं. त्याच आठवड्यात मी बाणेदार निश्चय केला आणि उरलेल्या साऱ्या गोळ्या नालीत फेकल्या. पदक मिळवल्यासारखा चाचांना सांगायला गेलो. तेव्हा पहिल्यांदाच सगळं कबूल केलं, तेही फुशारकीने. ते खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातल्या जुन्या सदऱ्याची बाही माझ्यासमोर धरली. "एकदम? साहेब, शिवन फर्रकन ओढली का कपडाच फाटते. उसवाचं असन तं एकेक टाका उसवा लागते. डॉक्टरले इचारलं काय?"

मी म्हणालो, "चाचा, माणसाची इच्छाशक्ती असते."

माझी इच्छाशक्ती तीन दिवस टिकली. हात कापत होते, घाम फुटत होता, मुंग्या अंगावर चालल्यासारखं वाटत होतं. चौथ्या दिवशी सकाळी शेतात फवारणीचं प्रात्यक्षिक होतं. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, समोर पंचवीस शेतकरी. 'वाऱ्याच्या दिशेने' एवढं म्हटल्याचं मला आठवतं. मग मी कपाशीच्या ओळीत आडवा झालो आणि झटके देऊ लागलो.

पाहणाऱ्यांनी काय समजायचं? फवारणी करताना माणूस पडला म्हणजे विष चढलं. आणि विष चढल्यावर काय करायचं, हे मीच त्यांना चित्रं लावून शिकवलं होतं: कपडे काढा, साबण लावून अंग धुवा, लगेच दवाखान्यात न्या. कपाशीच्या दोन ओळींमधलं अंतर दहा वेळा सांगूनही ज्यांनी कधी पाळलं नाही, त्यांनी हा उपचार मात्र तंतोतंत पाळला. विहिरीवर नेऊन मला नखशिखांत धुतलं. दोन वेळा, कारण चित्रात दोन वेळा होतं. मग एका चादरीत गुंडाळून मालाच्या ऑटोत घातलं. पंपात नुसतं पाणी होतं, हे एकट्या मला माहीत होतं आणि मी शुद्धीवर नव्हतो.

तालुक्याच्या दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा विषावरचं इंजेक्शन भरलं जात होतं. तेवढ्यात गर्दीतून चाचा आले. त्यांनी रुमाल सोडला. आत माझ्या खाटेखालची रिकामी पाकिटं होती, मूठभर. "डॉक्टरसाब, जहर नाही हे. साहेब ह्या गोळ्या घेतात. चार दिवसापासून सोडल्या."

पंचवीस शेतकरी ऐकत होते. मी चादरीतूनच ओरडलो, "चाचा, माझी अब्रू!"

"थे मंग शिवून देतो. आधी जीव पाहू द्या."

डॉक्टरांनी इंजेक्शन बाजूला ठेवलं. या गोळ्या एकदम सोडल्या की झटके येतात, माणूस जातोसुद्धा, असं त्यांनी मला आणि अकोल्याहून धावत आलेल्या बायकोला नीट समजावलं. काही दिवस व्यसनमुक्तीच्या वॉर्डात राहायचं, मग घरी राहून डोस महिनोन्‌महिने हळूहळू उतरवायचा. वॉर्डाचं नाव निघताच माझ्यातला पदवीधर जागा झाला. तिथे दारुडे असतात! मी कृषी शाखेचा पहिल्या श्रेणीतला! शेवटी गेलोच. शेजारच्या खाटेवरच्या दारुड्याने चौकशी केली, "तुमी कायच्यात?" झोपेच्या गोळ्या म्हटल्यावर त्याने कीव केल्यासारखं पाहिलं. "एवढा पैसा लावून निस्ते झोपले?" माझ्या तीन वर्षांचं इतकं अचूक वर्णन कोणी केलं नव्हतं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "गोळ्या तुमच्या ताब्यात राहणार नाहीत. तुम्ही ज्याला फसवू शकत नाही, असं कोण आहे?" बायको शेजारीच उभी होती. तिला मी तीन वर्षं फसवलं होतं. ती जमिनीकडे पाहत राहिली आणि मी चाचांचं नाव घेतलं. तिला काय वाटलं असेल, हे विचारायचं धैर्य मला बरीच वर्षं झालं नाही.

चाचांना चिठ्ठीवरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना कागदावर गोल काढून दिले: पूर्ण, पाऊण, अर्धा, पाव. कोणत्या तारखेपासून कोणता, ते खाली. हा कागद त्यांनी गिऱ्हाइकांच्या मापांशेजारी भिंतीवर टाचला. रोज संध्याकाळची मगरिबची नमाज झाली की ते मशीनचा खण उघडत, चष्मा पुसत, काचेच्या तुकड्यावर ती मसुराएवढी गोळी ठेवून ब्लेडने कापत. चुरा सांडत नसे. तुकडा तळहातावर ठेवून म्हणत, "आजचा टाका." मी गिळेपर्यंत नजर हलवत नसत. पायरीवर त्या वेळी चार जण असत. पहिला आठवडा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर तेच लोक आठवण करून देऊ लागले, "साहेब, तुमचा टाका झाला काय?"

अर्ध्यावरून पावावर आलो ते दिवस सगळ्यात वाईट. एका संध्याकाळी मी तुकडा गालात दाबून धरला, दारापर्यंत गेलो आणि परत येऊन म्हणालो, "चाचा, हातातून निसटला. नालीत पडला. दुसरा द्या."

माझा हिशेब असा की ते एक तर देतील, नाही तर चिडतील. चाचा उठले. पासष्टीचा माणूस, गुडघे धरून नालीच्या काठावर बसला, सदऱ्याची बाही वर सारली आणि त्या काळ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. "कोठीसा पडला? इकडं?" चाळवत राहिले. माझ्यावर विश्वास ठेवून शोधत राहिले. गालातला तुकडा विरघळून कडू होत होता.

"चाचा, उठा," मी म्हणालो. "तोंडातच आहे."

ते हळूहळू उठले. रागावतील याची मी वाट पाहत होतो, खरं तर तेच हवं होतं. ते एवढंच म्हणाले, "साबन आना." मी पाणी ओतत राहिलो आणि ते हात धूत राहिले. मला रडू आलं ते त्यांनी पाहिलं, पण माप सांगावं तसं ते सांगितलं नाही. त्या दिवसानंतर मी त्यांना फसवलं नाही. इच्छाशक्ती वगैरे काही नव्हती. तो हात पुन्हा नालीत जाऊ नये, एवढंच.

कागदावरचे गोल संपायला आठ-नऊ महिने लागले. मी कंपनी सोडली, शेतकऱ्यांच्या एका गटाकडे माती तपासण्याचं काम धरलं, बायकोला इकडेच आणलं. खोली मात्र सोडली नाही.

पुढे चाचांना हाडाचा कॅन्सर निघाला. मशीन बंद झालं. दुखणं असं की त्यांना कूस बदलता येईना. डॉक्टरांनी त्यांना जबर वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि जपून ठेवायला बजावलं. मुलगा सुरतेला, घरात सून आणि तिची लहान लेकरं. चाचांनी मला बोलावून पिशवी माझ्या हाती दिली. "तुमच्यापाशी ठेवा. टाइमावर देत जा."

मी पिशवी खाली ठेवली. "माझ्यापाशी नको, चाचा. मला अजून भरवसा नाही माझा."

"भेता काय?"

"हो."

"मंग बराबर जागी देऊन राह्यलो. जो भेत नाही त्याच्यापाशी काऊन ठेवू?"

दोन महिने मी डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळी, लिहिली तेवढी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली. त्यांना उशीर झालेला एकदाही सोसावा लागला नाही. माझं मन शुद्ध होतं असं मात्र नाही. कपाटाची किल्ली मी बायकोच्या मंगळसूत्रात अडकवून ठेवली होती, आणि दर वेळी ती माझ्याबरोबर येऊन उभी राहत असे.

चाचा गेले त्यानंतर पाकिटात गोळ्या उरल्या. आम्ही दोघं एसटीने त्या परत करायला दवाखान्यात गेलो. पिशवी तिच्या मांडीवर, मी खिडकीकडे तोंड करून. दवाखान्याच्या खिडकीवरच्या सिस्टरने वही उघडली, गोळ्या लिहून घेतल्या आणि मान वर न करता विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

सांगण्यासारखं किती होतं. शेवटी बायकोच म्हणाली, "भाडेकरू आहोत त्यांचे."

सिस्टरने तसं लिहिलं.