शालनचे विमानतळाला अर्ज

माझी बायको शालन हिचं तेरावं होऊन आठवडा झाला नव्हता, तर पोस्टमन दारात. "मावशींचं रजिस्टर हाय, सही लागंल." म्हटलं, "मावशी गेली रं. आण हिकडं." पत्र विमानतळाचं होतं. मी चौथी शिकलेला, बोट ठेवून ठेवून वाचलं. आपली सूचना नोंदवून घेतली आहे... आणि खाली, तिकीट काढताना आपल्याकडून मदत नको असं कळवलं होतं. ते 'नको' माझं. हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

लहानपणी पोलिओनं तिचे पाय गेले. थोरली बहीण हैदराबादला लेकाकडं अंथरुणाला खिळलेली, दिवस मोजत होती. तिला एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच शालनचं मागणं. त्या लेकानंच, आमच्या भाच्यानं, विमानाची तिकिटं काढताना मला फोनवर विचारलं, "काका, मावशीला चढवायची मदत सांगू काय?" मी म्हणालो, "कशाला? मी मेलोय व्हय?" जन्मभर मार्केट यार्डात गुळाचे रवे, भल्या मोठ्या ढेपा, पाठीवर वाहिल्या. तिला एस्टीत मीच उचलून चढवायचो. तीच मस्ती नडली.

विमानतळाचं नाव लिहीत नाही, सगळीकडं असंच असंल. विमानाच्या शिडीपाशी मी तिला उचलायला वाकलो, तर तिथली पोरगी आडवी आली. "आजोबा, उचलून नेता येणार नाही. पडल्या तर?" मी ओरडलो, "माझ्या हातनं आजवर एक रवा पडला न्हाय!" तशी चाकाच्या खुर्चीतनं शालन म्हणाली, "मी गुळाचा रवा हाय व्हय? गप बसा. पोरी, मग मी चढू कशी?" खुर्ची वर न्यायची गाडी आधी सांगितलं तरच येते म्हणे. आम्ही बघत राहिलो आणि विमान गेलं... तिसऱ्या दिवशी बहीण गेली.

त्यानंतर ती अर्ज लिहायला बसली. वाचून दाखवायची, "आम्हाला कुणी विचारलं नाही. न सांगता आलेल्या माणसालाही वर नेणारी गाडी तयार पाहिजे." वर मला म्हणायची, "लंगडी बाई आधी सांगून लंगडी हुती व्हय?" मी हसायचो आणि पाकीट घेऊन पोस्टात जायचो. किती अर्ज टाकले असतील... एकदाही तोंड उघडलं नाही. गाडी अजून सांगितल्याशिवाय येत नाही, भाचा परवाच त्या विमानतळावर जाऊन आला. येईल असं मला वाटतही नाही. आली तरी आता काय.

घरात गॅस आला तेव्हा तिच्या खुर्चीला लागेल असा बुटका ओटा मी स्वतः बांधला होता. तिनं सांगितलं नव्हतं, मलाच दिसलं होतं. मग तिकिटाच्या वेळीच कसं दिसलं नाही? आता मी त्यावर चहा करतो, कमरेत वाकून. शेजारीण म्हणते, "आण्णा, ओटा उंच करून घ्या की, कंबर मोडंल." मोडू दे. साऱ्या जगात तिचा हात पोचंल अशी तेवढीच एक जागा हाय.