उजव्या खांद्याची पाकळी

मी आज जो काही आहे तो चिकपेटेतल्या घड्याळवाल्या अण्णांमुळे, आणि आयुष्यात सर्वांत जास्त संतापलो तोही त्यांच्यावरच. अथणीहून मी कॉलेजसाठी बंगळूरला आलो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीपुढे कोणी गेलं नव्हतं. अण्णा वडिलांच्या दूरच्या ओळखीचे. त्यांच्या घरी चार वर्षं राहिलो, त्यांच्या बायकोच्या, अक्कांच्या हातचं जेवलो आणि पदवीधर झालो. अशा माणसावर रागावणं शोभत नाही, हे मला कळतं. तरीही राग येतो.

कारण अण्णा स्वतः काहीच ठरवत नसत. परसात त्यांचा दगडी मारुती होता. त्याच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि कौल मागायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको, आणि दोन्ही चिकटून राहिल्या तर बसायचं. अण्णा बसत. भाच्याच्या लग्नाला म्हैसूरला जावं का, याचा कौल इतका लांबला की उजवी पाकळी पडली तेव्हा तिकडे वरात निघाली होती. तरी गेलेच! नवा कोट शिवायचा तर कापड कोणतं, बटणं किती, सगळं मारुतीला. "अहो, तो जन्मभर लंगोटावर राहिला, त्याला कोटाचं काय विचारता?" असं अक्का म्हणत. दुकानात गिऱ्हाईक ओरडे, "अण्णा, महिना झाला, माझं घड्याळ?" अण्णा डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणत, "स्वल्प थांबा. उघडू का म्हणून विचारलंय, अजून उत्तर नाही." हात मात्र असा, की मेलेलं घड्याळ त्यांच्या बोटांत टिकटिकू लागे.

मी हुबळीला शाळामास्तर झालो. एका मे महिन्यात भेटायला आलो, तर दुकानात अण्णा चिमटा चाचपडत होते. चिमटा समोरच होता. मी हट्टानं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. "गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर म्हणाले, "उरलेली राखायची तर याच आठवड्यात ऑपरेशन करू." घरी आल्याबरोबर अण्णा फुलं घेऊन परसात गेले. डावी पाकळी पडली.

"सरी, ठीक आहे. नको म्हणतोय."

"अण्णा, वारा सुटला होता! पाकळी वाऱ्यानं पडली."

"आणि मारुती कुणाचा लेक?"

अक्का पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी त्या मारुतीच्या अंगावर धावून जायचा तेवढा बाकी होतो. देव मीही मानतो. परीक्षेला जाताना याच मारुतीच्या पाया पडत होतो, पण अभ्यास करून पडत होतो. तो डॉक्टर काय देवानं धाडलेला नव्हता? "घाबरता तुम्ही आणि नाव देवाचं सांगता!" असं अण्णांच्या तोंडावर बोललो आणि न जेवता स्टेशन गाठलं.

पावसाळा संपता संपता अक्कांचं कार्ड आलं. उजवा डोळा गेला होता. डावा अजून वाचेल असं डॉक्टर म्हणत होते, आणि अण्णांनी पुन्हा शेवंती आणायला सांगितली होती.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. अक्कांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग अण्णा कौल न लावताच ऑपरेशनला तयार झाले, असं त्या शपथेवर सांगत. माझा काही विश्वास नाही. पण डाव्या डोळ्यानं अण्णा पुढे कितीतरी वर्षं मला रस्त्याच्या टोकावरूनच ओळखून हाक मारत. आता दोघंही नाहीत. अक्कांनी जपलेलं ते पत्र माझ्याकडे परत आलं आहे.

"ती. अण्णांस सा. न.

मी अजून रागावलेलाच आहे. एक विचारतो. मी ट्रंक घेऊन तुमच्या दारात उभा राहिलो, तेव्हा मला घरात घ्यायचं की नाही, याचा कौल तुम्ही लावला नव्हता, असं अक्का सांगतात. 'आत ये, पाय धू,' म्हणालात आणि ताट वाढायला सांगितलंत. त्या दिवशी देवाला न विचारता वागलात, म्हणून तुम्हाला कधी चुकल्यासारखं वाटलं का? मला तर वाटतं, त्याच दिवशी तुम्ही त्याचं नीट ऐकलंत.

बुधवारी सकाळच्या गाडीनं येतो. दवाखान्यात तुमचा हात धरून मी बसेन. मारुतीला फुलं जरूर वाहा. फक्त त्याच्या पायांवर वाहा.

आपला,
मास्तर"