हिरव्या पट्ट्यातल्या जखमा

पायलला कॅज्युअल्टीत आणले तेव्हा तिचा खालचा ओठ उभा फाटलेला होता आणि तो तिने ओढणीने दाबून धरला होता. नवरा म्हणाला, "पडली." नवऱ्याचे नाव अश्विन, तो कोराडीकडे कोळशाचा ट्रक चालवतो. त्याच्या उजव्या हाताची बोटे सोललेली होती. त्याबद्दल त्याला कोणी काही विचारले नाही.

दीक्षाला मात्र ती बोटे दिसली. दीक्षा डॉक्टर नाही, नर्सही नाही. महाल भागातल्या त्या खाजगी दवाखान्यात ती संगणकावर आलेख तयार करते. ती माझ्या शेजारीच लहानाची मोठी झाली. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली. गल्लीत क्रिकेटवरून मारामारी जुंपली की मुलांच्या गचांड्या धरायला धावणारी ती एकटीच मुलगी होती. तिची आई हात जोडायची, "कोणाच्या अंगावर नको जाऊ वं बाई!" तरी ती जायची.

दवाखान्यात दर आठवड्याला कोणत्या कारणाने किती रुग्ण आले, हे ती एका सॉफ्टवेअरमध्ये भरते आणि त्यातून नियंत्रण आलेख काढते. मधली रेघ सरासरीची. तिच्या वर एक मर्यादा, खाली एक. या मर्यादा कोणी ठरवून देत नाही. मागच्या आकड्यांच्या चढउतारावरून त्या निघतात. दोन्हींच्या मधला पट्टा दीक्षाने हिरवा रंगवला होता. ठिपका पट्ट्याबाहेर गेला की तो लाल होई.

घरच्या मारहाणीत जखमी झालेल्या बायकांचाही एक आलेख होता. त्यात लाल ठिपका कधी उमटलाच नाही. कोणाच्या बरगड्या मोडलेल्या असत, कोणाचा हात तव्याने भाजलेला असे, एकीचे तर केस कातडीसकट उपटले होते. आणि आठवडा संपला की त्यांचा ठिपका मुकाट्याने हिरव्या पट्ट्यात जाऊन बसे.

अशा बायकांना नवऱ्यापासून दूर ठेवता येईल अशी एक खोली आणि एक समुपदेशक द्या, असे दीक्षाने मागे एका बैठकीत मागितले होते. दवाखान्याचे प्रमुख डॉ. उन्मेष यांनी पडद्याकडे पाहिले.

"आलेख तर स्थिर आहे, दीक्षा. प्रक्रिया नियंत्रणात आहे, असंच म्हणतात ना याला?"

"हो सर. म्हणजे पुढच्या आठवड्यातही साधारण एवढ्याच जणी मार खाऊन येणार. या मर्यादा त्यांच्या मारातूनच निघाल्यात."

"पण ट्रस्टींना मी काय दाखवू? ते आधी लाल ठिपका मागतील."

ते वाईट गृहस्थ नव्हते. पायलचा ओठ त्यांनीच शिवला.

पायलला आणले त्या सकाळी, तिला टाके पडत असताना दीक्षाने सॉफ्टवेअर उघडले. पायलचे नाव तिने पूर्वीही पाहिले होते. बाकी सगळ्या बायका तिने आलेखातून काढून टाकल्या, एकट्या पायलला ठेवले, आणि उभ्या अक्षावर रुग्णांची संख्या न घेता पायलच्या एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंतचे दिवस घेतले. सुरुवातीच्या खेपांवरून मर्यादा काढल्या आणि पुढच्या आकड्यांनी त्या सरकू नयेत म्हणून तिथेच गोठवल्या. ठिपके पायऱ्या उतरावेत तसे खाली येत होते; दोन खेपांमधले दिवस कमी कमी होत होते. शेवटचा ठिपका खालच्या मर्यादेच्याही खाली होता, लाल.

"ठिपके फार थोडे आहेत," तिने दाखवलेला आलेख पाहून डॉ. उन्मेष म्हणाले.

"माहीत आहे सर. मर्यादा कच्च्या आहेत. पण पुरेसे ठिपके जमेपर्यंत ती जिवंत राहणार नाही."

त्यांनी पायलचा केसपेपर ओढून घेतला. "तिला दाखल करून घेतो. पण ती स्वतःच जाते म्हणाली तर मी अडवू शकत नाही."

पायल तेच म्हणत होती. "मले घरी जाऊ द्या ना ताई. उशीर झाला का अजून चिडते तो."

दीक्षाने लॅपटॉप तिच्यासमोर धरला. "हे पाह्य. त्याचा हात किती लवकर लवकर उठून राहिला, ते आहे यात. आता गेली तर वापस येशील का?"

"मले काय दाखवता?" पायल म्हणाली. "माह्याच अंगावर झालं ना ते सारं." आणि ती पलंगाखाली चपला शोधू लागली.

तेवढ्यात अश्विन आत आला. "चाल वं, ऊठ."

दीक्षा मध्ये उभी राहिली.

"तू कोन वं? वकीलीन?"

"मी आलेख काढते."

"मंग काढत बस!" असे म्हणत त्याने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला आणि तिच्या खांद्यावर घातला. गळ्याजवळचे हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या पलंगापर्यंत ऐकू गेला. दुसरा फटका तोंडावर बसला. दीक्षा पडली नाही. चांगल्या हाताने तिने त्याची कॉलर धरली आणि आपले कपाळ त्याच्या नाकावर हाणले. तो ओरडला, आणि तिला भिंतीवर आपटून लाथा घालू लागला.

"सोड गा तिले! सोड!" पहारेकरी चंपतराव धावत आले आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर काठी हाणली. तो खाली कोसळला, तरी त्याचे पाय चालतच होते. फरशीवर दोघांचे रक्त मिसळले होते. पायल पलंगावर ताठ बसून हे सगळे पाहत होती.

पोलीस लगेच आले. दवाखान्याच्या कर्मचाऱ्यावर हात उचलला की ते लगेच येतात. हवालदाराने दीक्षाचा जबाब घेतला, पेन खिशाला लावले आणि जाता जाता पायलला विचारले, "तुमचं काही म्हणणं हाय का बाई?"

पायल अश्विनकडे पाहत होती. त्याला दोघा शिपायांनी दंडांना धरले होते.

"मी कधी पाह्यलंच नव्हतं," ती म्हणाली. "मारे तवा मी तोंड झाकून राहो. असा दिसते का तो?"

"पायल, चूप बस!" अश्विन ओरडला.

तिने हाताने पलंगाची कड धरली. "लिवा साहेब. पहिल्यापासून सांगतो."

ती बोलू लागली. दीक्षाला स्ट्रेचरवर घालून एक्स-रेला न्यायचे होते, पण तिने हात वर करून वॉर्डबॉयला थांबवले. बोलता बोलता पायलच्या ओठाचा टाका सुटला आणि हनुवटीवरून रक्त ओघळले. हवालदार लिहायचे थांबले.

"नका थांबू," पायल म्हणाली.