करंगळी वर करणाऱ्या गणिताच्या बाई

प्रिय सई आणि अर्णव,

परवा फोनवर सई आवाज हळू करून म्हणाली, "आजी, तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या, जंतू नाहीत म्हणतात, पण 'तो' त्रास आहेच. आता पुन्हा डॉक्टरकडे जायची लाज वाटते." आणि लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी सुरू केली. माझे गुडघे बरे आहेत. लघवीच्या त्रासाला नुसतं 'तो' म्हणायची आपल्या घराण्याची रीत तुम्ही इतक्या लांब जाऊनही सांभाळलीत, याचं मला कौतुक वाटलं आणि रागही आला. म्हणून आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंबद्दल आत्ताच लिहायला बसले. अर्णव, तूही वाच. मूत्राशय मुलग्यांनाही असतं.

आपल्याकडे शाळेत लघवीला जायचं असलं की मुलं बाईंना करंगळी दाखवतात. तोंडाने बोलायला नको म्हणून केलेली ही सोय. आमच्या गणिताच्या बाईंच्या वर्गात मात्र करंगळी बाईच वर करत. फळ्यावर त्रिकोण अर्धा काढलेला असे, बाई मध्येच थांबत, खडू टेबलावर ठेवत आणि भरल्या वर्गापुढे करंगळी वर करत. मुली एका सुरात म्हणत, "जा बाई!" बाई दारातून सांगत, "तोवर तिसरी बाजू काढून ठेवा." मुलींनी त्यांचं नाव करंगळीबाई ठेवलं होतं. एकदा ते एका बाकावर कोरलेलं सापडलं. आता कुणाची तरी पाठ शेकणार म्हणून वर्ग गार पडला. बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "करंगळीतला ळ चुकलाय. नाव ठेवायचं तर नीट ठेवावं."

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेतली. मी तिथे इंग्रजी शिकवत असे. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती आणि पाणी जपून वापरायची सवय सगळ्यांच्या अंगात मुरली होती. शिक्षिकांसाठी एकच बाथरूम होती आणि तिला कुलूप असे. चावी हेडमास्तरांच्या खोलीत, त्यांच्या डोक्यामागे खिळ्याला. म्हणजे ज्या बाईला जायचं असेल तिने आत जायचं, सरांसमोर उभं राहायचं, सरांनी मान वर करून "काय बाई?" म्हणायचं, मग तिने खिळ्याकडे बघायचं. यावर आम्ही शिक्षिकांनी मोठा शहाणपणाचा उपाय शोधला होता. सकाळी प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत आम्ही पाणीच पीत नसू. चैत्रातल्या सोलापुरात. पाचवीच्या मुलींना 'पाणी हेच जीवन' हा निबंध मात्र आम्हीच लिहायला देत असू.

गणिताच्या बाईंना हे जमेना. त्यांना लघवीची सारखी भावना होई, गेल्यावर चमचाभर होई, आणि मग ओटीपोटात जळजळ राही. त्या दर तासाला सरांच्या खोलीत जात आणि चावी काढून घेत. सर म्हणत, "बाई, मधली सुट्टी असते ना?" बाई म्हणत, "सुट्टी मला असते, सर. ते कुठे घड्याळ बघतं?" पाहुणे बसलेले असले की सरांना घाम फुटे.

बाईंनी औषधोपचारात कसूर केली नव्हती. घरोघरचे सल्ले त्यांनी ऐकून पाहिले. धण्याचं पाणी झालं, सातूचं झालं, वाळा झाला, सब्जा झाला, गोखरूचा काढा झाला. स्टाफरूममधली प्रत्येक बाई डॉक्टर होती आणि प्रत्येकीच्या मावसबहिणीला अगदी हाच त्रास होऊन चार दिवसांत बरा झालेला होता. बाईंना मूल नव्हतं, लग्नच झालेलं नव्हतं, त्यामुळे निदान करणं सगळ्यांना फार सोपं गेलं. बाई एकदा मला म्हणाल्या, "सुमतीबाई, लग्न झालेलीला म्हणतात बाळंतपणांमुळे होतं. मला म्हणतात लग्न न झाल्यामुळे होतं. मग हा रोग नसतो तरी कुणाला?"

नव्या पेठेत त्यांचे डॉक्टर होते. त्यांनी लघवी तपासायला सांगितली. इथे बाईंनी, एवढ्या तर्काच्या बाईंनी, एक घोटाळा केला. बाटली तपासणाऱ्या परपुरुषाच्या हातात जाणार, तर त्यात गढूळ काही कसं पाठवायचं? शेजारणीची वाटी आपण घासूनच परत करतो ना? म्हणून बाईंनी पहाटेपासून तांब्यामागून तांब्या पाणी प्यायलं आणि विहिरीच्या पाण्यासारखा नितळ नमुना बाटलीत भरून, वर्तमानपत्रात गुंडाळून, तपासायच्या वह्यांच्या पिशवीतून टांग्याने पोचवला. रिपोर्ट अर्थातच स्वच्छ. पुढे बोलता बोलता डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते आनंदाने ओरडले, "म्हणूनच!" त्यांनी सकाळचा पहिला नमुना मागवला, जंतू वाढतात का ते पाहायला ठेवला, आणि एवढं करूनही जंतू निघाला नाही. डॉक्टर फार हिरमुसले. त्यांनी दरवेळी जंतूंवरच्याच गोळ्या दिल्या आणि शेवटी म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही. मन रमवा. भजनाला जात जा."

"भजन किती वेळ चालतं, डॉक्टर?" बाईंनी विचारलं.

"दोन-अडीच तास."

"मग तर आधी बरं व्हायला हवं."

इकडे शाळेत सरांनी शिस्तीचा मार्ग काढला. चावी खिळ्यावरून काढून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवरची किल्ली खिशात. आमची शिपाईण बाईंना सांगायला आली, "बाई, चावी न्हाय हितं. सरांनी खिशात घातलीया. मी इचारलं तर म्हनले, सुट्टीत देतो." बाईंनी वाद घातला नाही. शाळेसमोर रस्त्यापलीकडे एका शिंप्याचं घर होतं. त्याची बायको, अमीनाबी, दारात काजं करत बसलेली असे. बाई खडूने भरलेल्या हातांनी रस्ता ओलांडून गेल्या आणि काय ते सांगितलं. अमीनाबी म्हणाली, "इसमें पूछना क्या बाई, घर तुमाराच है." झालं. त्या दिवसापासून शाळेच्या वेळात गणिताच्या बाई पदर खोचून रस्ता ओलांडताना येणारे-जाणारे पालक पाहू लागले. एका पालकाने सरांना विचारलंसुद्धा, "शाळेत सोय नाही का हो?"

हे फार झालं. चावी आपण खिशात घातली, यात सरांना काही वावगं दिसलं नव्हतं. बाई रस्ता ओलांडतात यात मात्र त्यांना शाळेची अब्रू जाताना दिसली. त्यांनी बाईंकडे आजाराचा दाखला मागितला. बाईंपाशी होते ते रिपोर्ट त्यांनी आणून दिले. सरांनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर हवेत धरले. "बघा! काहीही नाही! सगळं स्वच्छ आहे!"

बाई म्हणाल्या, "सर, जंतू नाहीत एवढं सिद्ध झालं. दुखत नाही हे कुठल्या पायरीत सिद्ध झालं, ते दाखवा."

सरांनी पायरी दाखवली नाही. त्यांनी बाईंकडचा मॅट्रिकचा वर्ग काढून घ्यायचं पत्र संस्थेकडे पाठवलं. तब्येतीमुळे नव्हे, कारण तब्येत तर स्वच्छ होती. 'चित्त स्थिर नसल्यामुळे'.

मुलांनो, इथे चेष्टा थोडी थांबवते. मॅट्रिकचा वर्ग म्हणजे बाईंचं सर्वस्व होतं. विणकरांच्या, गिरणी कामगारांच्या, कुंभारीसारख्या खेड्यातून चालत येणाऱ्या मुली गणितात नापास होऊन घरी बसत. बसल्या की त्यांचं लग्न होई. बाईंच्या हाताखालून गेलेली मुलगी सहसा घरी बसत नसे. "माझ्याकडे पाचवी द्या, सहावी द्या, तीही शिकवीन," त्या मला म्हणाल्या, "पण या वर्षीच्या मुलींचं काय? त्यांची भूमिती अर्धी झालीय." तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. पुढल्याच क्षणी त्या अमीनाबीकडे गेल्या.

मी त्यांना सात रस्त्याजवळ नव्याने दवाखाना थाटलेल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. या डॉक्टरीणबाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं, मग तपासलं, साखर आणि खडा नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "जंतू नाहीत म्हणजे आजार नाही, असं नसतं. मूत्राशयाचं आतलं अस्तर कधी कधी चिडकं होतं. का होतं ते आम्हालाही नीट माहीत नाही. मुळासकट जाईल असं वचन देत नाही, पण आटोक्यात आणता येतं." जंतूंवरच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या. पाणी तोडायचं नाही, एकदम तांब्याभरही नाही, दिवसभर घोट घोट प्यायचं. दुखलं की गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं. भावना झाली की लगेच धावायचं नाही, अगदी थोडं थांबायचं आणि ते थांबणं हळूहळू वाढवत न्यायचं. ताप आला किंवा लघवीत रक्त दिसलं तर मात्र ताबडतोब यायचं. आणि चहा, तिखट, आंबट यातलं काय बाधतं ते स्वतः शोधायचं.

हे शेवटचं बाईंना भलतंच आवडलं. "म्हणजे एका वेळी एकच राशी बदलायची, बाकीच्या स्थिर," त्या म्हणाल्या. चहा सोडल्यावर फरक पडला. चिंच सोडल्यावर पडला. शेंगाचटणीवर त्यांनी संशय घ्यायला बरेच दिवस लावले, कारण सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी सोडायला सांगणं म्हणजे गाव सोडायला सांगणं. शेवटी तीही गुन्हेगार निघाली.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्या पहिल्याच दिवशी दवाखान्यातून निघाल्यावर बाईंनी वाटेत पेढे घेतले आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये वाटले. सगळ्यांनी विचारलं, कशाचे? बाई म्हणाल्या, "मला आजार आहे! खराखुरा!" कुणी पेढा हातात धरून बसलं, कुणी खाऊन टाकला. सरांनी घेतला नाही.

सरांच्या पत्रावर संस्थेची सभा बसली. तिला शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मी हजर होते. अध्यक्षांचा चादरींचा कारखाना होता. घरात तेलुगू, बाहेर खास सोलापुरी मराठी. वयस्कर गृहस्थ, मितभाषी. सभासद सगळे पुरुष आणि बहुतेक साठीपुढचे. सरांनी शिस्त या विषयावर भाषण केलं. ते लांबलं. चहा आला. सरांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चहा आला. बाई चहा न घेता शांत बसल्या होत्या. त्यांचं थांबण्याचं शिक्षण तोवर बरंच पुढे गेलं होतं. अध्यक्षांचं गेलं नव्हतं. ते खुर्चीत इकडून तिकडे होऊ लागले, पायावर पाय टाकू लागले, काढू लागले. सर "स्त्रीसुलभ मनोदौर्बल्य" या शब्दावर आले होते.

बाई मध्येच म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, जाऊन या. सर थांबतील."

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं, उठले, गेले. पाठोपाठ दोन सभासद उठले. त्यांना कुणालाच चावी मागावी लागली नाही. परत येऊन अध्यक्ष सावकाश बसले.

"सर, मॅट्रिकचा वर्ग बाईकडंच राहू द्या."

"पण साहेब, रिपोर्ट तर अगदी स्वच्छ—"

"माझा बी साफच येतो की ओ. लई वर्षं झाली. म्हणून काय कारखान्याला टाळं लावू?"

सर खाली बसले. बाई मात्र उठून उभ्या राहिल्या. "साहेब, आणखी एक. दुसऱ्या तासानंतर दहा मिनिटांची सुट्टी हवी. सगळ्यांना. मुली, शिक्षिका, सगळ्यांना. पाणी प्यायला आणि जाऊन यायला. आणि कुलूप नको."

"द्या की," अध्यक्ष म्हणाले. "त्यात काय लागतंय?"

त्यात काय लागत होतं, हे आम्हा शिक्षिकांना तोवर कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या सोमवारी दुसऱ्या तासानंतर घंटा झाली. आम्ही स्टाफरूममध्ये एकमेकींकडे चोरून बघत माठाजवळ गेलो आणि भर उन्हाळ्यात, शाळेच्या वेळात, पेलाभर पाणी प्यायलो. एका बाईंना तर ठसकाच लागला. सवय नव्हती.

बाईंचा त्रास गेला नाही. कमी झाला, वाढला, पुन्हा कमी झाला. परीक्षांच्या दिवसांत हटकून डोकं वर काढी. एस.टी.त चढताच त्या कंडक्टरला बजावत, "मी सांगेन तिथे गाडी थांबवायची." "बाई, टाइम होतोय की." "मग वाद नका घालू, आणखी होईल." निवृत्त होईपर्यंत मॅट्रिकचा वर्ग त्यांच्याकडेच होता. मग त्या भाचीकडे हुबळीला गेल्या आणि काही वर्षांनी हृदयविकाराने वारल्या. त्याचा रिपोर्ट मात्र एका झटक्यात सगळ्यांना पटला. शोकसभेत आमच्या सरांनी भाषण केलं. बाई शाळेचा कणा होत्या म्हणाले. मला वाटलं, कण्याबद्दलच बोलणार हे. त्याखालच्या अवयवाचं नाव हा माणूस मरेपर्यंत घेणार नाही.

सई, ज्या डॉक्टरने तुला काही झालं नाही म्हणून सांगितलं, त्याला काही सापडलं नाही, इतकंच सिद्ध झालंय. दुसरा शोध. तिथे मिळेल. नीट ऐकून घेणारा मिळेपर्यंत शोध, आणि तोवर पाणी सोडू नकोस.

गेल्या महिन्यात शाळेवरून रिक्षाने गेले. सर गेले, अध्यक्ष गेले, इमारतही नवी झाली. दुसऱ्या तासानंतरची दहा मिनिटांची सुट्टी अजून आहे.

तुमची,
आजी