बाबांच्या फायलींवरचं नाव

बाबांच्या कॉम्प्युटरमधली डिस्क टक-टक वाजायला लागली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. बाबांचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं अजून. पडवीत बसून त्यांनी टाइप केलेलं सगळं, आईलाही न दाखवलेल्या आठवणींसकट, त्या मरतुकड्या डिस्कवर होतं.

विंडोजऐवजी लिनक्स त्यांनीच हट्टाने घातलेलं. प्रत्येक फाइलपुढे मालकाचं नाव दिसतं, याचं त्यांना कोण कौतुक! आईला बोलावून दाखवायचे. ती इंग्रजी अक्षरं एकेक लावून त्यांचं नाव वाचायची.

नुसती कॉपी केली तर फायली कॉपी करणाऱ्याच्या नावावर जातात, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून रूट होऊन, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे अधिकार घेऊन, मालकी जपायला सांगून बॅकअप लावला. मध्येच लाइट गेली. तिच्या नावाने बोटं मोडत पुन्हा लावला. झाला एकदाचा!

डिचोलीहून नवा कॉम्प्युटर आणला, माझं खातं उघडलं, फायली उतरवल्या आणि आईला हाक मारली. तिने चष्मा लावला.

"तेंचा नाव खंय गेला?"

बाबांच्या एकूण एक फायलींपुढे माझं नाव! माझं डोकंच फिरलं. मग उलगडलं. डिस्कवर मालकाचा नंबर असतो, नाव नसतं; त्या नंबराचं खातं ज्याचं, त्याचं नाव कॉम्प्युटर दाखवतो. जुन्यावर पहिलं खातं, म्हणून पहिला नंबर, बाबांचा. नव्यावर गेलेल्या माणसाचं खातं कशाला, म्हणून मी उघडलंच नव्हतं. त्यांचा नंबर मला मिळाला होता.

"अगं, फायली आहेत ना सगळ्या?" मी करवादले. "नावाचं काय घेऊन बसलीस!"

ती आत गेली आणि तांब्याची घागर घेऊन आली. देवळातल्या जेवणावळीला घरोघरची भांडी जातात, ती परत यावीत म्हणून आमच्याकडे भांड्यावर नाव कोरतात. घागरीवर बाबांचं होतं.

"माणूस गेल्यार भांड्यावयला नाव कोण खरवडता काय गो?"

मला रडूच आलं. नव्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं. पहिलं खातं बाबांचं उघडलं, मग माझं, आणि फायली पुन्हा उतरवल्या. बाबांचं नाव जागेवर आलं.

"त्यांच्या आठवणी रूट होऊन उघडता येतील. वाचायच्या?" मी विचारलं.

"नाका. तेंचा तां तेंचाच रवांदी."

त्यांचं ते त्यांचंच राहिलंय; अजून उघडलेल्या नाहीत. पण सकाळी चहा ठेवायच्या आधी आई म्हणते, "चालू कर गो तो. नाव बघतंय."